अप म्हणजे नेहमी ‘वर’ नाही: दोन अक्षरी इंग्रजी शब्द नीट वापरायची सविस्तर गाईड

इंग्रजी शिकताना आपण मोठमोठ्या शब्दांना घाबरतो, त्यांची स्पेलिंगं घोकतो, आणि प्रत्यक्षात अडतं कुठे तर ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असल्या चिल्लर शब्दांपाशी. त्यातला सगळ्यात डांबिस अप. शाळेत एकदाच शिकवतात, अप म्हणजे वर आणि डाऊन म्हणजे खाली, विषय संपला. मग नोकरीला लागल्यावर कोणीतरी म्हणतं ‘युवर टाइम इज अप’ आणि वेळ वर कुठे गेली ते समजत नाही, ‘ही डिडन्ट शो अप’ म्हणे, म्हणजे दाखवलं नाही का, तर नाही, तो आलाच नाही. डिक्शनरी उघडावी तर तिथे अप क्रियाविशेषण आहे, शब्दयोगी अव्यय आहे, विशेषण आहे, ‘अप्स अँड डाऊन्स’ मध्ये नाम आहे आणि ‘दे अप्ड द रेंट’ मध्ये चक्क क्रियापद आहे (भाडं वाढवलं त्यांनी). हे सगळं पाठ करायला गेलात तर आठवड्यात सोडून द्याल. म्हणून खाली जे आहे ती यादी नाही, अनोळखी अप समोर आला की अर्थ काढायचा कसा त्याची पद्धत आहे.

पायरी १: आधी डोक्यातून ‘वर’ काढा

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे समजवायला रेल्वेइतकं भारी उदाहरण नाही. मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे जाणारी गाडी अप आणि तिथून निघणारी डाऊन, पश्चिम रेल्वेवर चर्चगेटकडे जाणारी अप. ही पद्धत इंग्रजांची, तिकडे बहुतेक लाइनींवर लंडनकडे जाणारी गाडी अप असते. म्हणजे उंचीचा संबंध नाही, मोठं ठिकाण कुठलं त्यावर ठरतं. आता डेक्कन क्वीन घ्या, १९३० पासून धावतेय. मुंबईहून पुण्याला जाताना तिचा नंबर १२१२३, ती डाऊन. कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात, बोरघाटात काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे, गाडी धापा टाकत लोणावळ्याला पोचते, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि हा सगळा डोंगर ती चढते ‘डाऊन’ म्हणून. दुसऱ्या दिवशी १२१२४ होऊन घाट उतरते तेव्हा ती ‘अप’. कोकणातली माणसं शेकडो वर्षं ‘वर घाटावर’ जातायत पण रेल्वेला त्याचं काय. (पुणेकरांना मुंबईकडे जाणं ‘अप’ म्हणावं लागतं हे दुःख वेगळं.)

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं. अप ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘वर काय आहे?’ हा नसून ‘खरंच काही वर जातंय का?’ हा विचारायचा. ‘लुक अप ॲट द सीलिंग’ मध्ये मान खरंच वर जाते, ठीक. ‘लुक अप द मीनिंग’ मध्ये जात नाही, तिथे अर्थ शोधून काढायचा असतो. उत्तर ‘नाही, काहीच वर जात नाही’ असं आलं की पायरी २.

पायरी २: अप काढून वाक्य वाचा आणि काय कमी झालं ते बघा

‘ईट युवर भाजी’ आणि ‘ईट अप युवर भाजी’. पहिल्यात भाजी खा एवढंच, चार घास खाल्ले तरी चालेल, दुसऱ्यात ताट स्वच्छ झालं पाहिजे. आता हेच मराठीत कसं बोलतो आपण? ‘भाजी खा’ आणि ‘भाजी खाऊन टाक’. बघा, ते ‘टाक’ म्हणजे फेकणं नाहीच, काम पूर्ण कर एवढाच त्याचा अर्थ. इंग्रज जे काम अपकडून करून घेतो तेच आपण टाकणे, काढणे, घेणे, ठेवणे या जोडीला लावलेल्या क्रियापदांकडून करून घेतो. माझ्या मते अप शिकायची गुरुकिल्ली हीच आहे आणि क्लासवाले ती सांगत नाहीत, ते ‘फ्रेझल व्हर्ब्सची (म्हणजे क्रियापद अधिक अप, ऑफ, आउट अशा जोड्यांची) यादी पाठ करा’ म्हणून पीडीएफ पाठवतात.

ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक. टेअर अप म्हणजे फाडून टाक, नुसतं टेअर म्हणजे कुठेतरी टरकलं असेल. चॉप अप म्हणजे चिरून ठेव. सेव्ह अप, पैसे साठवून ठेव. टायडी अप, आवरून घे. लॉक अप, कोंडून ठेव, म्हणूनच पोलिसांचं लॉकअप. थिंक अप, शोधून काढ, काहीतरी डोकं लढवून. यूज अप, वापरून संपव. गिव्ह अप, सोडून दे, आणि हे तर २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडा म्हणून सरकारने ‘गिव्ह इट अप’ मोहीम काढली तेव्हा घरोघरी पोचलं. प्रत्येक वेळी मराठीत दुसरं क्रियापद आपोआप येतंय ना? तेच अपचं भाषांतर. ‘टाइम इज अप’ यातलंच, वेळ संपून गेली.

उलटही करून बघा. मराठीत मनात ‘उरकून टाकतो’, ‘भरून काढतो’ असं काही आलं तर इंग्रजीत तिथे बऱ्याचदा अप बसेल. बऱ्याचदा म्हणतोय, दर वेळी नाही. विसरून जा मध्ये अप नाही बसत, ‘फर्गेट अप’ असं काही नसतं.

पायरी ३: संपणं नसेल तर या चार दारांवर टकटक करा

पहिलं, वाढ. स्पीक अप म्हणजे मोठ्याने बोल, स्पीड अप, हीट अप, टर्न अप द व्हॉल्यूम, सेन्सेक्स ३०० पॉइंट अप. हे सोपं आहे कारण आपल्याकडे पण भाव ‘वर’ जातात. चिअर अप मध्ये मूड वर जातो.

दुसरं, एकत्र येणं किंवा बंद होणं. ॲड अप, पाइल अप, लाइन अप, झिप अप, बटन अप, सील अप. मनात कोंडून ठेवणं म्हणजे बॉटल अप. एखाद्याने धंदा गुंडाळला की आपण ‘वाइंडअप केला’ म्हणतो, तो इथलाच, फक्त उच्चार विंड नाही, वाइंड.

तिसरं, तुकडे. स्प्लिट अप, कट अप, ब्रेक अप. ब्रेकअप म्हटलं की आपल्याला एकच आठवतं, पण ब्रिटनमध्ये राहणारी तुमची मावशी ‘द स्कूल ब्रेक्स अप ऑन फ्रायडे’ म्हणाली तर शाळेला शुक्रवारी सुट्टी लागतेय, रडायचं कारण नाही. आणि एचआरकडे आपण मागतो तो ‘सॅलरी ब्रेकअप’ पण याच अर्थाचा, पगाराचे तुकडे, बेसिक किती, एचआरए किती. अमेरिकन माणसाला तोच ‘ब्रेकडाऊन’ म्हणून सांगा, त्याला लगेच समजतं.

चौथं दार मला सगळ्यात आवडतं, जवळ येणं आणि प्रकट होणं. ‘ही केम अप टू मी’, चालत माझ्यापाशी आला, डोंगर चढून नाही. कॅच अप, गाठणं, आणि जुन्या मित्राला गाठून गप्पा मारणं पण. टर्न अप, शो अप, पॉप अप, तिन्हींत कोणीतरी किंवा काहीतरी समोर येतं. मराठीत आपण उशिरा आलेल्याला ‘उगवलात का एकदाचे’ म्हणतो, ते उगवणं म्हणजे तंतोतंत टर्न अप, टोमण्यासकट.

इथे एक गंमत. इंग्रजी अपचा खानदानी नातेवाईक संस्कृतात आहे आणि तो म्हणजे ‘उप’. उपनगर म्हणजे नगराजवळचं, उपस्थित म्हणजे जवळ येऊन उभा. आता शो अप आणि उपस्थित राहणं शेजारी ठेवून बघा. ओव्हरचं नातं ‘उपरि’शी. पण अपमान, अपयश यातला जो ‘अप’ दिसायला हुबेहूब तसा आहे त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो निघतो इंग्रजी ‘ऑफ’चा भाऊबंद.

जवळ या अर्थाची क्रिकेटमधली दोन उदाहरणं देऊन पुढे जातो. विकेटकीपर ‘स्टँडिंग अप’ म्हणजे स्टंपला खेटून, स्पिनरला असतो तसा, आणि ‘स्टँडिंग बॅक’ म्हणजे लांब, फास्ट बोलरला. दोन्हीकडे तो वाकलेलाच असतो. आणि बोलरला ‘पिच इट अप’ सांगितलं की बॉल उंच नाही टाकायचा, बॅट्समनच्या जवळ टप्पा टाकायचा, आपण मैदानावर ‘पुढे टाक रे’ ओरडतो तेच.

पायरी ४: एकच जोडी धरून तिचा जीव काढा

शंभर जोड्या वरवर पाठ करण्यापेक्षा दोन-तीन जोड्या सगळ्या अर्थांसकट पक्क्या करा, बाकीच्यांचा अंदाज आपोआप यायला लागतो. मी सुरुवातीला ‘मेक अप’ घ्यायला सांगेन. चेहऱ्याचा मेकअप सगळ्यांना माहिती. ‘शी मेड अप अ स्टोरी’, तिने गोष्ट रचून सांगितली, म्हणजे थाप. ‘दे फॉट अँड देन मेड अप’, भांडले आणि मग गोडी झाली. ‘मेक अप युवर माइंड’, काय ते एकदाचं ठरव. ‘मेक अप फॉर द लॉस’, नुकसान भरून काढ, आणि लेट झालेली एक्सप्रेस रस्त्यात टाइम मेक अप करते तो हाच. ‘विमेन मेक अप हाफ द क्लास’, वर्गात निम्म्या बाया आहेत, हे वाक्य वाचून कोणी लिपस्टिकचा विचार केला असेल तर त्याला हसू नका, शाळेत एकच अर्थ शिकवला त्याला तो काय करणार. या सगळ्यांना जोडणारा धागा शोधला तर एकच, काहीतरी अपुरं आहे ते जुळवून पूर्ण करणं. गोष्टीत सत्य कमी होतं, भांडणात बोलणं बंद होतं, गाडीला वेळ कमी पडला होता.

मग ‘पिक अप’ घ्या. उचलणं, फोन उचलणं, कोणाला स्टेशनवरून घेणं, भाषा कानावर पडून पडून शिकणं (‘आय पिक्ड अप सम तमिळ’), धंद्याने दिवाळीत जोर धरणं. आपल्याकडे गाडीचा ‘पिकअप’ चांगला असतो, मेकॅनिक काका पहिला तोच बघतात, पण मोटारीबद्दल परदेशी माणसाशी बोलताना ‘ॲक्सेलरेशन’ म्हणा, नाहीतर त्याच्या डोळ्यासमोर मागे हौदा असलेला टेम्पो येईल.

आणि हे दोन झाले की ‘हँग अप’ आणि ‘हँग ऑन’ एकदा नीट बघून ठेवा कारण इथे घोळ महाग पडतो. जुने फोन भिंतीवर असायचे, बोलणं झालं की रिसिव्हर हुकला टांगायचा, म्हणून हँग अप म्हणजे फोन ठेवणं. हँग ऑन म्हणजे थांबा, ठेवू नका. कस्टमरला उलटं सांगितलं की गेला कॉल.

पायरी ५: जागा, जोड आणि जोर

व्याकरण म्हणून तीनच गोष्टी. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ सारखं सर्वनाम असेल आणि अप क्रियापदाला चिकटलेला असेल तर ते सर्वनाम मध्ये घुसतं, ‘पिक इट अप’, ‘गिव्ह इट अप’. ‘पिक अप इट’ चुकीचं, कितीही घाई असली तरी. पूर्ण शब्द असेल तर दोन्ही चालतं, ‘पिक अप द बॅग’ किंवा ‘पिक द बॅग अप’. पण अप पुढच्या शब्दाशी जोडलेला असेल, म्हणजे कशावर चढला ते सांगत असेल, तर हे चालत नाही, ‘ही वॉक्ड अप द हिल’ चं ‘ही वॉक्ड द हिल अप’ नाही करता येत. म्हणजे ही टेस्टच झाली, अपला उचलून शेवटी ठेवता आलं तर तो क्रियापदाचा जोडीदार, नाही आलं तर बहुतेक साधं शब्दयोगी अव्यय.

दुसरं, क्रिया असेल तर दोन शब्द, वस्तू असेल तर एक. ‘बॅक अप युवर फाइल्स’ मध्ये बॅक आणि अप सुटे, ‘टेक अ बॅकअप’ मध्ये एकत्र. सेट अप, लॉग इन, साइन अप सगळ्यांना हाच नियम, आणि वेबसाइटच्या बटनांवर सगळ्यात जास्त चुका याच दिसतात. आणि जोर, वस्तू असेल तेव्हा पहिल्या भागावर, क्रिया असेल तेव्हा सहसा अपवर. मोठ्याने म्हणून बघा, फरक कानाला समजतो.

उच्चाराचं एक. अप आणि ॲप वेगळे. व्हॉट्सॲपचं नावच ‘व्हॉट्स अप’, म्हणजे काय चाललंय, यावर केलेली कोटी आहे, २००९ मध्ये निघालं तेव्हापासून. आपण बोलताना दोन्ही एकच करून टाकतो आणि मराठीत चालतंही, पण इंग्रजीत ‘द अप इज डाऊन’ ऐकलं की समोरचा गोंधळतो.

पायरी ६: अप टू, म्हणजे जाहिरातीतले बारीक अक्षर

हे दोन शब्द आहेत, आपण जोडून लिहितो ते चूक. अर्थ ‘पर्यंत’, आणि त्यात कमाल मर्यादा लपलेली असते. दुकानाच्या काचेवर ‘५०% ऑफ’ मोठ्ठं आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढं ‘अप टू’, याचा अर्थ कुठल्यातरी एका कोपऱ्यातल्या शर्टावर ५०, बाकीच्यांवर १० पण असू शकतं. इन्शुरन्स पॉलिसीत ‘अप टू ५ लाख’ म्हणजे ५ लाख मिळणार असं नाही, जास्तीत जास्त तेवढेच मिळणार. तारीख असेल तर अजून जपा, ‘अप टू ३१ मार्च’ मध्ये ३१ धरली की नाही यावर वाद होतो, लेखी काही करताना ‘अप टू अँड इन्क्लुडिंग’ लिहून मोकळे व्हा.

याच जोडीचे बोलीतले तीन प्रकार, ‘इट्स अप टू यू’ म्हणजे तू ठरव, ‘व्हॉट आर यू अप टू’ म्हणजे काय उद्योग चाललेत (लहान मुलाला विचारलं तर त्यात संशय पण असतो), आणि ‘आय ॲम नॉट अप टू इट’ म्हणजे माझ्याने होणार नाही. याच्याशेजारी ‘आय ॲम अप फॉर इट’ ठेवा, म्हणजे मी तयार आहे. आजकालची पोरं ‘आय ॲम डाऊन’ म्हणतात त्याचाही अर्थ तयार आहे. अप पण तयार, डाऊन पण तयार, आता बोला.

पायरी ७: आपले घरगुती अप परदेशी माणसासमोर वापरण्याआधी तपासा

ही पायरी पुस्तकांत सहसा नसते आणि गरज हिचीच जास्त. आपण मराठीत कितीतरी अप रोज वापरतो आणि त्यांचे अर्थ आपण आपले बनवून घेतलेत. मराठी बोलताना ते एकदम बरोबर आहेत, त्यात कमीपणा काही नाही, फक्त तोच शब्द इंग्रजी वाक्यात उचलून ठेवला की फसतो.

‘तो कसा नेहमी अपटुडेट असतो’, म्हणजे इस्त्रीचे कपडे, पॉलिशचे बूट, भांग पाडलेला. इंग्रजीत अप टू डेट म्हणजे ताजी माहिती असलेला, कपड्यांसाठी ‘वेल ड्रेस्ड’. ‘बेसिन चोकअप झालंय’ हे आपण प्लंबरला सांगतो, पण इंग्रजीत माणूस ‘चोक्ड अप’ होतो, म्हणजे गळा दाटून येतो, बेसिनसाठी ‘क्लॉग्ड’ किंवा ‘ब्लॉक्ड’ म्हणायचं. ‘राहिलेला पोर्शन कव्हरअप करतो’ हे तर फारच धोक्याचं, कारण कव्हर अप म्हणजे पाप झाकणं, लपवाछपवी. मॅनेजरला ‘आय विल कव्हर अप द पेंडिंग वर्क’ असं मेल टाकलं की तो समजेल तुम्ही काम दडपून टाकणार, तिथे ‘कॅच अप ऑन’ पाहिजे. ‘कोप अप विथ प्रेशर’ मधला अप सरळ उडवा, कोप विथ एवढंच असतं. ‘नाशिकहून अप-डाऊन करतो’ यासाठी ‘कम्यूट’. फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ करतात, ‘फिल अप’ पेट्रोलची टाकी. बँकेत, कॉलेजात फिल अप सर्रास चालतं, त्यामुळे भारतात कोणी अडवणार नाही, आयईएल्टीएस वगैरे इंग्रजीची परीक्षा देताना तेवढं लक्षात ठेवा.

आणि तिकडच्यांचेही आपापसात पटत नाही हं. ब्रिटिश घरी जेवण झाल्यावर ‘शॅल आय वॉश अप?’ म्हणजे भांडी घासू का, अमेरिकेत ‘गो वॉश अप’ म्हणजे हातपाय धुऊन ये. पाहुणे म्हणून गेलात तर देश बघून उठा. ‘नॉक मी अप ॲट सिक्स’ जुन्या ब्रिटिश बोलीत सकाळी दार वाजवून उठव असं होतं, अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ दिवस राहण्याशी आहे, त्यामुळे हे वाक्य कुठल्याच देशात वापरू नका.

पायरी ८: मीटिंगची तारीख

हे मुद्दाम वेगळं ठेवलं कारण ऑफिसात रोज लागतं. ‘द मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड अप टू ट्यूझडे’ असं मेल आलं आणि मीटिंग मूळ गुरुवारी होती, तर ती अलीकडे आलीय, आपल्या भाषेत प्रीपोन झालीय. तारीख ‘वर’ गेली म्हणजे पुढे गेली असं समजून शुक्रवारी-सोमवारी तयारी करू म्हणणारे बरेच असतात. यात पण तो ‘जवळ’ वाला अर्थच आहे, मीटिंग तुमच्या जवळ सरकली. लांबणीवर पडली असेल तर ‘पुश्ड बॅक’ लिहितात. पण ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ वाचून काही जण अलीकडे समजतात, काही जण पलीकडे. तुम्ही स्वतः मेल लिहीत असाल तर हे तिन्ही टाळा आणि सरळ वार, तारीख, वेळ टाका: मंगळवार, अमुक तारीख, सकाळी ११. दुसऱ्याने लिहिलं असेल आणि शंका आली तर ‘सो, ट्यूझडे इलेव्हन?’ एवढा एका ओळीचा रिप्लाय करा, त्याला काही वाटत नाही.